वैमानिक ‘पेपर टाकतो’ तेव्हा

धानोरीत राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात एक सवय लागली, ती अजून गेलेली नाही. फोनवर बोलताना मध्येच "एक मिनिट, सुखोई" म्हणायचं आणि गप्प बसायचं. समोरचा पुण्याचा असेल तर तोही निमूट थांबतो. बाहेरगावचा असेल तर घाबरून "काय झालं?" विचारतो. झालेलं काहीच नसतं. लोहगावच्या हवाई दलाच्या तळावरून सुखोई ही लढाऊ विमानं जोडीने उठतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि अर्धवट सोडलेलं वाक्य आपण पुन्हा जुळवून घेतो.

थोड्या वेळाने त्याच धावपट्टीवरून दिल्लीचं प्रवासी विमान उठतं. ही गंमत कित्येक पुणेकरांनाही माहीत नसते. धावपट्टी हवाई दलाची, विमानांना रेडिओवरून सूचना देणारा टॉवरही हवाई दलाचा. आपलं झगमगीत टर्मिनल म्हणजे त्यांच्या वाड्यातलं बिऱ्हाड. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, बिऱ्हाड ऐसपैस झालं, पण धावपट्टी तीच, जेमतेम अडीच किलोमीटरची.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त विंग कमांडर राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. एकवीस वर्षं दलात, मग बरीच वर्षं एका विमान कंपनीत, आणि आता सोसायटीच्या बागेला पाणी घालणं. त्यांनी एकदा सहज सांगितलेलं डोक्यात राहिलं. "पॅसेंजर घेऊन इथे उतरायचो ना, तेव्हा रनवेपाशी थांबलेल्या फायटरवाल्याचा आवाज रेडिओवर यायचा. कधीकधी ओळखीचा निघायचा. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा."

त्या पोरांपैकी काही जण पुढे काकांच्याच वाटेने गेले. एवढं महागडं शिक्षण घेतलेला लढाऊ वैमानिक चाळिशीच्या आगेमागे दल का सोडतो, आणि त्याला थांबवण्याचे उपाय इतक्या वेळा का फसतात, हे या लेखात सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो. "पैसा" असं तुम्ही मनात म्हणालाच असाल. ते खरंच आहे, पण अर्धवट खरं आहे.

राजीनामा नव्हे, अर्ज

दलाच्या बोलीत याला ‘पेपर टाकणं’ म्हणतात. कागदोपत्री नाव भारदस्त आहे: मुदतपूर्व सेवामुक्ती. हिंजवडीतला इंजिनिअर तीन महिन्यांची नोटीस देतो आणि मोकळा होतो. शेवटच्या दिवशी केक कापतात, संपलं. वैमानिकाचं तसं नाही. त्याने अर्ज करायचा, सोडायचं की नाही ते दल ठरवणार. दलाला गरज आहे असं वाटलं तर अर्ज नामंजूर. बाहेर नोकरी धरायची तर आधी ना-हरकत प्रमाणपत्र हवं.

कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक असलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळायला २० वर्षांची सेवा लागते. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे, म्हणजे ठरावीक मुदतीचे, वैमानिक १४ वर्षांनी बाहेर पडतात, त्यांना निवृत्तिवेतन नाही. त्यामुळे विसावं वर्ष हा या रस्त्यावरचा टोलनाका आहे. बाविसाव्या वर्षी कमिशन मिळालेला माणूस तिथे पोचतो तेव्हा बेचाळीस वर्षांचा असतो. विमान कंपनीत पुढची वीसेक वर्षं उडता येतं. दलात पुढे काय, हे त्याला तोवर बऱ्यापैकी कळलेलं असतं.

विरजणाचं गणित

वैमानिक कमी पडत असतील तर जास्त भरती करा, असं कोणीही म्हणेल. खडकवासल्याला अर्ज करणाऱ्या मुलांची काही वानवा नाही. मग अडतं कुठे?

दही लावण्यासारखं आहे हे. दूध बाजारातून हवं तेवढं आणता येतं. पण विरजण दह्यातूनच येतं, आणि तेही चांगल्या दह्यातून. चमचाभर विरजणात तुम्ही दहा लिटर दूध ओतलंत तर सकाळी दहाही लिटर नासकं निघेल.

लढाऊ वैमानिक घडतो कसा, ते बघू. एनडीएत ३ वर्षं. मग हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत पिलाटस विमानावर पहिले धडे. त्यातून फायटरसाठी निवडलेले पुढे ‘हॉक’ विमानावर जातात, कर्नाटकात बीदरला. त्यानंतर स्क्वॉड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी. स्क्वॉड्रनला पोचलेला पोरगा विमान उडवू शकतो, पण लढू शकत नाही. त्याला ‘ऑप्स’ करायला, म्हणजे मोहिमेवर पाठवण्याजोगा बनवायला, आणखी दीड-दोन वर्षं जातात. रात्री उडणं, ढगात उडणं, चार विमानांच्या फळीत आपली जागा धरून राहणं, हवेतल्या हवेत इंधन घेणं. यातलं प्रत्येक उड्डाण, त्यांच्या भाषेत प्रत्येक सॉर्टी, कोणातरी अनुभवी माणसाच्या सोबतीने किंवा नजरेखाली होते.

तो अनुभवी माणूस म्हणजे दहा-पंधरा वर्षं झालेला स्क्वॉड्रन लीडर किंवा विंग कमांडर. हाच विरजण. अकादमीत शिकवायलाही तोच लागतो (त्यासाठी त्याला चेन्नईजवळ तांबरमच्या प्रशिक्षक शाळेतून पास व्हावं लागतं), स्क्वॉड्रनमध्ये नव्यांना ऑप्स करायलाही तोच, खऱ्या लढाईत फळीचं नेतृत्व करायलाही तोच, आणि दिल्लीत बसून नव्या विमानाच्या अटी-शर्ती लिहायलाही तोच. चार चुलींवर एकच तवा. असे दहा जण गेले तर भरून काढायला दहा मुलं भरती करून चालत नाही, कारण ती दहा मुलं शिकवणारेच तर गेलेत.

आणि पैशात मोजायचं तर अमेरिकेतल्या रॅंड या अभ्याससंस्थेने २०१९ मध्ये हिशेब मांडला होता. एफ-१६ चा वैमानिक नुसता तयार करायला ५६ लाख डॉलर, एफ-२२ चा करायला १ कोटी ९ लाख डॉलर. हा खर्च नवशिका तयार होईपर्यंतचा. पंधरा वर्षांच्या अनुभवाची किंमत यात धरलेली नाही, आणि ती कशी धरायची हे कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडचा आकडा कॅगच्या अहवालात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेपुढे आलेल्या या अहवालानुसार फेब्रुवारी २०१५ मध्ये हवाई दलाला ४८६ वैमानिक कमी होते. २०२१ च्या अखेरीस ही तूट ५९६ वर गेली. दरवर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घ्यायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात तेवढे घेतले गेले नाहीत. म्हणजे आपल्याकडे गळती वरच्या बाजूला आहेच, पण नळालाही पाणी कमी आहे. त्याचं एक कारण शिकवायची विमानं. जुलै २००९ च्या अपघातानंतर एचपीटी-३२ ही प्राथमिक प्रशिक्षणाची विमानं जमिनीवर बसवली गेली आणि त्या जागी पिलाटस यायला २०१३ उजाडलं. मधल्या टप्प्यासाठी साठच्या दशकातलं किरण विमान अजून राबतंय. त्याच्या जागी यायचं होतं ते देशी जेट २००३ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि दलात काही दाखल झालं नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, इथे एवढंच पुरे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तुटीच्या आकड्यांवरून टीव्हीवर नेहमी गोंधळ होतो. ‘वैमानिक कमी’ म्हणजे विमानं चालकाविना उभी आहेत असं नाही. कुठल्याही हवाई दलात तुटवडा आला की आधी स्क्वॉड्रन भरतात आणि कार्यालयांतल्या खुर्च्या रिकाम्या ठेवतात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. पण त्या रिकाम्या खुर्च्यांवरचं काम कुठे गेलेलं नसतं. ते उरलेल्यांच्या डोक्यावर येतं.

उडायला आलो होतो

काकांना मी एकदा सरळ विचारलं, "काका, तुम्ही का सोडलंत?" ते म्हणाले, "फॉर्मवर लिहिलं होतं, कौटुंबिक कारण." मी म्हटलं, "आणि खरं?" पाण्याचा पाइप खाली ठेवून ते म्हणाले, "अरे, तेही खोटं नव्हतं. पण शेवटच्या वर्षी मी महिन्यातून जेमतेम चार-पाच वेळा उडालो. बाकी दिवस फायली. सकाळी ओव्हरऑल घालून ऑफिसात बसायचो, उगाच. आशा असायची."

अमेरिकी वैमानिकांनी या फायलींना एक टोपणनाव ठेवलंय: ‘क्वीप’. कुठल्याच शब्दकोशातून न आलेला शब्द, पण उच्चारला की कंटाळा बरोबर कळतो. उड्डाणाशी संबंध नसलेलं, पण कोणीतरी करायलाच हवं असं प्रत्येक काम म्हणजे क्वीप. मेसची समिती, वृक्षारोपणाची आकडेवारी, पाहुण्या साहेबांच्या भेटीचं मिनिटा-मिनिटाचं वेळापत्रक, संगणक-सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शिकवायला नेमलं आणि खिचडीचा हिशेब दिला, ही गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे.

हे काही क्षुल्लक रडगाणं नाही. उडणं हे सायकलसारखं नसतं, एकदा आलं की आयुष्यभर आलं असं. ते गाण्याच्या रियाजासारखं आहे. पंधरा दिवस खंड पडला तर श्रोत्यांना कळत नाही, पण गाणाऱ्याला कळतं. लढाऊ विमानात हे ‘कळणं’ जिवावर बेतू शकतं. मग महिन्यात चारदा उडणाऱ्या वैमानिकापुढे दोनच वाटा असतात: आपण पूर्वीइतके तेज राहिलो नाही हे गिळून टाकायचं, नाहीतर जिथे रोज उडायला मिळतं तिथे जायचं. फायटरच्या सॉर्ट्या तासा-दीड तासाच्या. पंधरा-वीस वर्षांत दोन-अडीच हजार तास झाले तर ठीकच म्हणायचं. भारतात प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वर्षाला १,००० तासांपर्यंत उडायची मुभा आहे. अर्थात ते उडणं वेगळं; काका त्याला "एसी शिवनेरी" म्हणतात. पण उडणं ते उडणंच.

त्यात बढतीचा पिरॅमिड. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनंतर आपल्याकडे १३ वर्षांच्या सेवेनंतर विंग कमांडर हा हुद्दा ठरल्याप्रमाणे मिळतो. त्याच्या वर ग्रुप कॅप्टनसाठी निवड मंडळ, म्हणजे ‘बोर्ड’. तिथे जागा मोजक्या. स्क्वॉड्रनला कमांडिंग ऑफिसर एकच असतो, आणि ती खुर्ची ज्याला मिळाली नाही त्याचं पुढचं गणित अवघड होतं. बोर्डात मागे राहिलेल्याला ‘सुपरसीड’ झाला म्हणतात. तो माणूस वाईट वैमानिक असतो असं मुळीच नाही. कित्येकदा उत्तम प्रशिक्षक असतो. पण या रचनेत चांगल्या वैमानिकाला बक्षीस म्हणून साहेब करतात. नुसताच चांगला वैमानिक म्हणून निवृत्तीपर्यंत उडत राहायची सोय फार थोड्या हवाई दलांत आहे. पं. भीमसेन जोशींना पन्नाशीत अकादमीचं संचालकपद देऊन गाणं बंद करायला लावावं, तसा हा प्रकार मला वाटतो. ही तुलना काकांना आवडली नाही. "साहेबही लागतातच की रे," म्हणाले. तेही खरं.

वरच्या मजल्यावर आवाज पोचतो का?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वरिष्ठांवरचा वैताग हा जगातल्या सगळ्या नोकऱ्यांत असतो. हवाई दलात तो वेगळा का? कारण इथला सगळ्यात वरचा साहेब स्वतः वैमानिक असतो. तोही त्याच क्रू रूममध्ये चहा पीत मोठा झालेला असतो. बँकेच्या कारकुनाला वाटू शकतं की अध्यक्षाला काउंटरवरचं काही कळत नाही. वैमानिकाला तसं म्हणताच येत नाही. याला सगळं माहीत आहे आणि तरीही हा असं बोलतोय, ही बोच जास्त खोल जाते.

माहिती वर न पोचण्याला एक साधं यंत्र कारणीभूत आहे: गोपनीय अहवाल, एसीआर. तुमची बढती ज्या कागदावर अवलंबून, तो तुमचा वरिष्ठ लिहितो. त्याचा त्याचा वरिष्ठ. त्यामुळे वाईट बातमी प्रत्येक जिन्यावर थोडी गोड होत जाते. स्क्वॉड्रनमध्ये "सर, जमणार नाही" असलेलं वाक्य दोन मजले चढून "आव्हानं आहेत, पण प्रयत्न चालू आहेत" होतं आणि दिल्लीला "लक्ष्य साध्य होण्याच्या मार्गावर" म्हणून पोचतं. कोणीच खोटं बोललेलं नसतं.

हे यंत्र तुंबलं की काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकी नौदलाचं आहे. टी-४५ हे त्यांचं प्रशिक्षण विमान. त्यात वैमानिकांना हवेत गरगरणं, हातापायाला मुंग्या, विचार मंदावणं असे प्रकार होऊ लागले. ऑक्सिजन पुरवणाऱ्या यंत्रणेवर संशय होता. प्रशिक्षक तक्रारी करत राहिले. वरून उत्तर येत राहिलं की अभ्यास चालू आहे. एप्रिल २०१७ मध्ये शंभरावर प्रशिक्षकांनी उडायला नकार दिला. लष्करी शिस्तीत अशी गोष्ट ऐकायलाही मिळत नाही. त्यानंतर मात्र विमानं थांबवली गेली आणि बडे अधिकारी स्वतः तळांवर जाऊन वैमानिकांसमोर बसले. जे आधी चार ओळींच्या पत्रात व्हायला हवं होतं, त्यासाठी एवढं करावं लागलं.

आता आपल्याकडची गोष्ट. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगढला मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. दोष वैमानिकाचा, असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील, जे स्वतः हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, यांनी ते मान्य केलं नाही. वर्षानुवर्षं पत्रं, प्रश्न, सभा. मुलाच्या नावाने त्यांनी हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. मिग-२१ च्या अपघातांविषयी सामान्य माणसं मोठ्याने बोलायला लागली, त्यात या माउलीचा वाटा फार मोठा आहे. मला या प्रकरणातून कळलेली गोष्ट अशी: अपघातानंतर ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द किती पटकन लिहिले जातात, हे क्रू रूममधला प्रत्येक जण टिपत असतो. उद्या आपल्यावर वेळ आली तर वरचे आपल्या बाजूने उभे राहतील का, याचा अंदाज तो त्यावरून बांधतो. आणि पेपर टाकायचा विचार करणाऱ्याच्या मनात हा अंदाज पगाराच्या बरोबरीने वजन टाकतो.

वरच्या मजल्यावरून खरं बोललेलं ऐकू आलं की खालची हवा बदलते. मे २०२५ मध्ये हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंग दिल्लीत उद्योजकांसमोर म्हणाले, की एकही प्रकल्प वेळेवर पूर्ण झालेला त्यांना आठवत नाही, आणि करारावर सह्या करतानाच कित्येकदा माहीत असतं की हे वेळेत येणार नाही. तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानाचंच बघा. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, पहिलं विमान २०२४ च्या सुरुवातीला अपेक्षित. अमेरिकेहून यायच्या इंजिनांपैकी पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. नाशिकच्या नव्या कारखान्यातलं पहिलं विमान उडालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ चंदिगडला निवृत्त झालं आणि मंजूर ४२ स्क्वॉड्रनच्या जागी २९ उरल्या. कमी स्क्वॉड्रन म्हणजे कमांडच्या खुर्च्या कमी, उडायच्या संधी कमी. पिरॅमिड आणखी निमुळता. हे दलप्रमुखांनी घडवलेलं नाही, त्यांच्याही हातात नाही. पण निदान त्यांनी ते मोठ्याने म्हटलं. काका त्या दिवशी बागेत पाणी घालायचे थांबून तीन जणांना तो व्हिडिओ दाखवत होते.

कुलूप की गूळ?

वैमानिक जायला लागले की सरकारांना दोन उपाय सुचतात. दाराला कुलूप लावा, किंवा गूळ दाखवा.

अमेरिकेने दोन्ही केलं. पंख, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाल्यावर १० वर्षं सेवा बंधनकारक. पुढे राहायचा करार केला तर बोनस. तो वाढत वाढत वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत नेला. २०१६-१७ मध्ये त्यांचे हवाई दलप्रमुख जनरल डेव्हिड गोल्डफिन यांनी परिस्थितीला उघड ‘संकट’ म्हटलं, क्वीप कमी करायचे आदेश काढले. ऑक्टोबर २०१७ मध्ये निवृत्त वैमानिकांना परत बोलावण्याची मुभा देणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेशही निघाला. तरी तूट दीड-दोन हजारांच्या घरात रेंगाळतच राहिली. कोविडमध्ये विमान कंपन्यांची भरती थांबली तेव्हा गळती थांबली. भरती सुरू झाली तशी गळतीही सुरू झाली. बोनसवाल्यांना यातून काय शिकायचं ते शिकता येईल. पैशाने आधीच राहायचं ठरवलेला माणूस खूश होतो. जायचं ठरवलेला क्वचितच बदलतो.

आपला कल कुलपाकडे. २००३ नंतर स्वस्त विमान कंपन्यांची लाट आली, अनुभवी वैमानिकांची मागणी एकदम वाढली, आणि दलाने सोडण्याचे नियम आवळले. २०२० च्या अखेरीस तत्कालीन सीडीएस, म्हणजे संरक्षण दलांचे प्रमुख, जनरल बिपिन रावत यांच्या विभागाकडून प्रस्ताव आला की लवकर जाणाऱ्यांचं निवृत्तिवेतन कापावं: २० ते २५ वर्षांच्या सेवेला निम्मंच. प्रचंड ओरड झाली, प्रस्ताव लागू झाला नाही. पण त्या आठवड्यांत काय झालं असेल? "नंतर बघू" म्हणणाऱ्यांनीही आपला सेवेचा हिशेब काढून पाहिला असणार. कुलूप लावताना त्याचा आवाज होतो, आणि झोपलेलेही जागे होतात.

माझं मत विचाराल तर कुलूप सगळ्यात वाईट. अडवून ठेवलेला वैमानिक आकडेवारीत ‘उपलब्ध’ दिसतो, पण तो क्रू रूममध्ये बसून नव्या पोरांना काय सांगतो? विरजण बिघडलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

बाहेरची ओढ कमी व्हायची चिन्हं नाहीत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी अकासा ही नवी कंपनी नोटीस न पाळता गेलेल्या स्वतःच्या वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. म्हणजे गळतीची कटकट खासगीवाल्यांनाही आहे. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. लोहगावला टर्मिनलच्या फरशीवर बॅगा उशाला घेऊन झोपलेली माणसं तुम्हाला आठवत असतील. प्रवाशांसाठी तो मनस्ताप होता. दलातल्या एखाद्या विंग कमांडरने तीच बातमी वाचून वेगळाच अर्थ काढला असेल: बाहेर वैमानिक कमी आहेत, आणि तिथे आठवड्याला ४८ तास विश्रांती कायद्याने मिळते.

आणि घर. यावर लिहायला वेगळं काही नाही, कारण ते सगळ्यांना कळतं. पुण्याची बदली फायटरवाल्यांना आवडते ती हवेमुळे नाही. बायकोला खराडीत नोकरी मिळते, मुलांची शाळा विमाननगरात. मग तीन वर्षांत आदेश येतो, छाबुआ किंवा तेजपूर. सुखोई तिथेही आहेत, खराडी नाही. आता तर कधी वैमानिक बायको असते आणि नोकरी सोडायची की नाही हा प्रश्न नवऱ्यापुढे. तीन-चार वेळा हे झाल्यावर मूल नववीत पोचतं, आणि फॉर्मवर ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं जातं. काका म्हणाले तसं, खोटं नसतंच ते.

मध्यंतरी आमच्या सोसायटीतल्या एका मुलाची एनडीएसाठी निवड झाली. पेढे द्यायला आला होता. तो गेल्यावर काकांनी बोटांवर हिशेब मांडला. २०२६ च्या जुलैत खडकवासला. २०२९ ला बाहेर, २०३० ला कमिशन. हॉक, स्क्वॉड्रन, ऑप्स व्हायला २०३२-३३. विंग कमांडर २०४३ ला. टोलनाका २०५० ला. "तोवर हा कुठलं विमान उडवत असेल रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपलं पाचव्या पिढीचं विमान २०३५ च्या सुमारास येईल म्हणतात. काकांनी फक्त पेढ्याचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला, आणि तेवढ्यात सुखोई उठले, म्हणून आम्ही दोघंही थांबलो.